बांधाची उंची : नेदरलँड्समधील वादळी लाटांच्या अभ्यासाचा इतिहास

वादळात समुद्राचे पाणी किनाऱ्यावर किती चढेल हे कोणत्याही एका कारणावर ठरत नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारी रोजची भरती, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला येणारे उधाण, हवेचा दाब उतरल्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाला येणारा फुगवटा, सोसाट्याच्या वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटले जाऊन साचणारे पाणी आणि या चढलेल्या पातळीवर स्वार होऊन येणाऱ्या लाटा, या सर्वांची बेरीज किनाऱ्यावर येऊन आदळते. दाब एक मिलिबारने उतरला तर पाणी साधारणपणे एक सेंटिमीटर चढते, म्हणजे या बेरजेत दाबाचा वाटा मर्यादित असतो. वाऱ्याचा वाटा मात्र समुद्राच्या खोलीवर आणि आकारावर अवलंबून असल्यामुळे उथळ समुद्रात तो कित्येक पटींनी वाढतो. युरोपातील उत्तर समुद्र दक्षिणेकडे उथळ आणि चिंचोळा होत जातो, त्यामुळे वायव्येकडून वादळ सुटले की त्याचे पाणी इंग्लंड आणि नेदरलँड्स यांच्यामधल्या बेचक्यात कोंडले जाते. ज्या देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली आहे, त्या नेदरलँड्ससाठी समुद्रबांध किती उंच असावा हा प्रश्न म्हणूनच स्थापत्यशास्त्राचा जितका आहे तितकाच राज्यव्यवहाराचाही आहे, आणि त्याला दिलेली उत्तरे हजार वर्षांत कशी बदलत गेली याचा इतिहास लाटांच्या शास्त्राचाही इतिहास आहे.

इसवी सनापूर्वी काही शतके या किनाऱ्यावरील लोकांनी बांध घातले नव्हते, तर राहण्याची जागाच उंच केली होती. चिकणमाती, शेण आणि कचरा यांचे थर रचून उभारलेल्या टेकाडांवर त्यांची वस्ती असे आणि भरतीचे पाणी भोवतालच्या जमिनीवर येऊन जात असे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने अशा टेकाडांवर राहणाऱ्या लोकांचे वर्णन करून ठेवले आहे. जमीन बंदिस्त करून समुद्राला बाहेर ठेवण्याची पद्धत इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस रुळू लागली, आणि पुढच्या दोन शतकांत गावागावांचे तुटक बांध जोडले जाऊन त्यांची सलग साखळी झाली. कोकणातील खारबंदिस्ती किंवा गोव्यातील खाजण जमिनी ज्यांना परिचित आहेत त्यांना यातील रचना ओळखीची वाटेल : समुद्राकडून मातीचा बांध, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी, आणि या दोहोंची निगा राखणारी गावकीची व्यवस्था. फरक आहे तो प्रमाणाचा. नेदरलँड्समध्ये या व्यवस्थेतून ‘वाटरस्खाप’ या नावाच्या जलमंडळांचा उदय झाला. राइनलंडच्या जलमंडळाला हॉलंडच्या काउंटकडून १२५५ साली सनद मिळाल्याची नोंद आहे आणि ते मंडळ आजही काम करते.

या मंडळांचा कायदा कठोर होता. ज्याची जमीन बांधाआड, त्याच्याकडे बांधाचा ठरावीक तुकडा, आणि तो तुकडा खचला तर बुडणार सगळे, ही जाणीव त्या कायद्याच्या मुळाशी होती. आपल्या वाट्याच्या बांधाचा खर्च ज्याला झेपत नसे त्याने त्या बांधात फावडे रोवून जमिनीवरचा हक्क सोडायचा, आणि जो ते फावडे उपटेल त्याने जमीन आणि बांधाची जबाबदारी दोन्ही पत्करायची, अशी रूढी होती. परंतु हा कायदा बांध कोणी राखायचा एवढेच सांगत असे. तो किती उंच असावा याविषयी मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच नियम चालत आला होता : आजवर आलेल्या सर्वांत मोठ्या पुराची खूण शोधावी आणि तिच्यावर थोडी भर घालावी. १४२१ चा सेंट एलिझाबेथचा पूर, १५७० चा सर्वसंतदिनाचा पूर, १७१७ चा नाताळचा पूर, अशी ही स्मृतीची मालिका होती, आणि प्रत्येक आपत्ती पुढच्या बांधाचे माप ठरवीत असे. या पद्धतीत दोष होता तो असा की पुढचे वादळ मागच्या वादळाची मर्यादा पाळील असे मानण्याला काहीही आधार नव्हता.

स्मृतीच्या जागी मोजमाप आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. १६७५ साली शहरात पाणी शिरल्यानंतर तेथील बांध आणि दरवाजे सुधारण्यात आले, आणि गणितज्ञ असलेले महापौर योहानस हुडे यांच्या पुढाकाराने १६८३ ते १६८४ या काळात भरतीच्या पातळीची वर्षभर नियमित नोंद ठेवण्यात आली. तिच्यावरून ठरवलेली संदर्भपातळी शहरातील जलद्वारांवर संगमरवरी दगड बसवून कायम करण्यात आली. आज नेदरलँड्समधील सर्व उंची ज्या ‘नॉर्माल आम्स्टर्डाम्स पेल’ या आधारपातळीपासून मोजतात तिचे मूळ या दगडांत आहे. पुढील विवेचनात जेथे पाण्याची उंची मीटरमध्ये दिली आहे तेथे ती याच पातळीपासूनची समजावी. पूर किती आला हे सर्वांनी एकाच शून्यापासून मोजण्याची सोय झाल्याखेरीज दोन शतकांच्या पुरांची तुलना शक्य नव्हती, आणि तुलनेशिवाय शास्त्रही शक्य नव्हते.

बांधाच्या आकारातला महत्त्वाचा बदल मात्र मोजमापामुळे न होता एका सागरी जीवामुळे झाला. उत्तरेकडील बांधांच्या समुद्राकडच्या बाजूला लाटांचा मारा झेलण्यासाठी लाकडी खांबांच्या रांगा ठोकलेल्या असत आणि काही ठिकाणी समुद्री गवताचे जाड थर दाबून बसवलेले असत. १७३१ साली असे आढळून आले की लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या शिंपलावर्गीय जीवाने हे खांब आतून पोकळ करून टाकले आहेत. लाकडाला पर्याय म्हणून परदेशातून दगड आणावा लागला, आणि दगड उभ्या भिंतीसारखा रचण्यापेक्षा उतारावर पसरणे सोयीचे असल्यामुळे बांधाचा दर्शनी भाग सपाट होत गेला. अशा मंद उतारावर लाट आदळत नाही, ती फुटते, वर चढताना तिची शक्ती खर्च होते आणि ती परत फिरते. हा लाभ त्या काळच्या बांधकऱ्यांना अनुभवाने कळला. त्याचे गणित मांडायला पुढे दोनशे वर्षे लागली.

त्या गणिताकडे जाणारा रस्ता झाउडरझी या अंतर्गत समुद्रातून गेला. देशाच्या मध्यभागापर्यंत शिरलेल्या या उथळ समुद्राचे तोंड बांधाने बंद करावे अशी योजना अभियंता कोर्नेलिस लेली यांनी १८९१ साली मांडली होती. जानेवारी १९१६ मधील वादळात त्याच्या काठचे बांध अनेक ठिकाणी फुटल्यावर तिला बळ मिळाले, आणि लेली मंत्री असतानाच १९१८ साली त्याविषयीचा कायदा संमत झाला. परंतु एक शंका उरली होती. वादळात जे पाणी आजवर झाउडरझीच्या पोटात शिरत होते त्याला तोंडाशीच अडवले तर ते कोठे जाईल? बंधाऱ्याबाहेरच्या वाडेनझी या उथळ समुद्राच्या काठी, विशेषतः फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर, वादळी पातळी किती वाढेल? यावर अंदाज वेगवेगळे होते, काहींच्या मते वाढ क्षुल्लक होती तर काहींच्या मते भयावह. सरकारने हा प्रश्न सोडवण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद एखाद्या अभियंत्याला न देता हेन्ड्रिक अन्टोन लॉरेंट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला दिले. १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या, पासष्टीच्या घरात असलेल्या लॉरेंट्झ यांनी आयुष्यातली पुढची आठ वर्षे मुख्यतः चिखलाच्या वाहिन्यांमधून भरती कशी सरकते या प्रश्नाला दिली.

अडचण घर्षणाची होती. वाहत्या पाण्याला तळाकडून होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो, आणि या एका गोष्टीमुळे भरतीची समीकरणे हाताने सोडवणे जवळजवळ अशक्य होते. लॉरेंट्झ यांनी त्या वर्गाच्या जागी वेगाच्या साध्या प्रमाणातला विरोध कल्पिला, पण त्याचा गुणक असा निवडला की भरती-ओहोटीच्या एका पूर्ण चक्रात घर्षणाने नष्ट होणारी ऊर्जा दोन्ही रीतींनी सारखीच यावी. मग वाडेनझीतील फाटेफोड वाहिन्यांचे जाळे त्यांनी सरळ तुकड्यांत विभागले आणि प्रत्येक सांध्यावर आत येणारे व बाहेर जाणारे पाणी जुळवत संपूर्ण जाळ्याचे गणित पूर्ण केले. अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. वाढ लक्षणीय असेल आणि किनाऱ्यावरचे बांध उंच करावे लागतील असा त्याचा निष्कर्ष होता, आणि बंधाऱ्याचे फ्रीसलंडकडील टोक मूळ योजनेपेक्षा उत्तरेला नेण्यात आले. ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक या बंधाऱ्याची शेवटची फट २८ मे १९३२ रोजी बुजवली गेली, तेव्हा लॉरेंट्झ यांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यानंतर बदललेल्या भरतीची जी मोजमापे घेण्यात आली ती त्यांच्या आकड्यांशी चांगली जुळली. समुद्रात काम करण्यापूर्वी त्याचा परिणाम कागदावर काढता येतो आणि तो खरा ठरतो, याचा हा मोठा पुरावा होता. सापेक्षतावादाच्या संदर्भात लॉरेंट्झ यांचे नाव घेतले जाते तेव्हा या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

या समितीत त्यांच्या हाताखाली काम केलेले तरुण अभियंता यो टाइसे यांनी पुढची दिशा धरली. बंधाऱ्यातील जलद्वारांच्या छोट्या प्रतिकृतींवरचे प्रयोग जर्मनीत कार्ल्सरूहे येथे करून घ्यावे लागले होते. स्वतःच्या देशात अशी सोय हवी या विचारातून १९२७ साली डेल्फ्ट येथे जलप्रयोगशाळा निघाली आणि टाइसे तिचे प्रमुख झाले. अशा प्रयोगशाळेत किनारा, बंदर किंवा बांध लहान मापात उभारतात, परंतु केवळ लांबी लहान करून भागत नाही, काळही त्या प्रमाणात आखडावा लागतो. गुरुत्वाकर्षणाने चालणाऱ्या लाटांसाठी काळाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके असते, त्यामुळे शंभर पटींनी लहान केलेल्या प्रतिकृतीत दहा तासांचे वादळ एका तासात आटोपते. हेच शास्त्र त्या काळात पुण्याजवळ खडकवासल्यालाही रुजत होते. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या तेथील संशोधन केंद्राचे संचालक क्लॉड इंग्लिस हे भारतातून परतल्यावर इंग्लंडच्या राष्ट्रीय जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. कालवे आणि नद्यांच्या गाळावर खडकवासल्यात साधलेली प्रतिकृतीची विद्या अशा रीतीने इंग्लंडच्या खाड्या आणि किनाऱ्यांच्या कामाला आली.

डेल्फ्टमधल्या लाटांच्या प्रयोगांतून एक साधे सूत्र निघाले, जे पुढे जुने डेल्फ्ट सूत्र म्हणून ओळखले गेले. उतारावर लाट किती उंच चढेल हे काढण्यासाठी लाटेची उंची, उताराचे प्रमाण आणि आठ या तिन्हींचा गुणाकार करावा. दोन मीटरची लाट एकास चार उताराच्या बांधावर आली तर ती शांत पाण्याच्या पातळीपासून चार मीटर चढेल, आणि तोच उतार एकास आठ केला तर दोन मीटरच चढेल. हे मोजमाप सर्वांत उंच लाटेचे नसून शंभरांतल्या फक्त दोन लाटा जी उंची ओलांडतील त्या उंचीचे असते. बांधाचा माथा या ‘दोन टक्के चढी’च्या वर ठेवण्याचा प्रघात नेदरलँड्समध्ये पडला. शंभरांतल्या दोन लाटांचे थोडे पाणी माथ्यावरून जाऊ देणे परवडते, सगळ्या लाटा अडवणे परवडत नाही, ही तडजोड या आकड्यात अगोदरच मान्य केलेली दिसते.

लाट कितीही नेमकी मोजली तरी ती ज्या पाण्यावर येते त्याची पातळी काय धरायची हा प्रश्न शिल्लक होता, आणि त्याचे उत्तर १९३९ साली पी. जे. वेमेल्सफेल्डर या राइक्सवाटरस्टाटच्या, म्हणजे सरकारी जलकामे विभागाच्या, अभियंत्याने शोधले. मास नदीच्या मुखाजवळील हूक फान हॉलंड येथील पन्नास वर्षांच्या भरतीच्या नोंदी घेऊन त्यांनी प्रत्येक पातळी वर्षातून सरासरी किती वेळा ओलांडली गेली हे मोजले. मोजणी आलेखावर मांडताना त्यांनी वारंवारितेसाठी लघुगणकीय मोजपट्टी वापरली, म्हणजे जिच्यावर एक, दशांश, शतांश असे टप्पे सारख्या अंतरावर येतात. तेव्हा सगळे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आले. पाणी साधारण पाऊण मीटरने चढवायचे तर तशी घटना दहा पटींनी विरळ होते, इतकी सोपी ती नियमितता होती.

या रेषेचा अर्थ मात्र सोपा नव्हता आणि तो पचायला वेळ लागला. रेषा कोठेही थांबत नाही. याचाच अर्थ असा की ‘सर्वांत मोठा पूर’ अशी वस्तूच नाही. आजवरचा सर्वांत मोठा पूर हा केवळ आपण किती वर्षे पाहत आहोत याचा परिणाम आहे, आणि कोणत्याही उंचीच्या बांधावरून पाणी जाण्याची काही ना काही शक्यता राहतेच. बांध सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरतो आणि त्याची जागा दुसरा प्रश्न घेतो : वर्षाला किती शक्यता आपण स्वीकारायला तयार आहोत? शेकडो वर्षांचा स्मृतीचा नियम या एका आलेखाने शास्त्रीयदृष्ट्या निकालात निघाला. व्यवहारात तो आणखी चौदा वर्षे टिकला.

त्या चौदा वर्षांत ज्याने सतत बजावले तो माणूस म्हणजे योहान फान व्हेन. डोव्हरच्या सामुद्रधुनीतील प्रवाह आणि वाळू यांवर प्रबंध लिहिलेला हा राइक्सवाटरस्टाटचा अभियंता १९३९ साली नेमलेल्या वादळी पुरांच्या समितीचा सचिव होता. नैर्ऋत्येकडील झेलंड प्रांत आणि दक्षिण हॉलंडमधील बेटांचे बांध नव्या हिशेबाने फार कमी पडतात हे त्याच्या आकड्यांवरून स्पष्ट झाले होते. परंतु जर्मन आक्रमण, ताब्याची पाच वर्षे आणि त्यानंतरची पुनर्बांधणी यांत पैसा, सिमेंट आणि मनुष्यबळ दुसरीकडे लागत राहिले. शिवाय बांध उंच करणे हे वाटते तितके सरळ काम नव्हते. शतकानुशतके बांधाला लागून घरे, रस्ते आणि चर्च उभे राहिले होते, आणि उंची वाढवायची तर पायाही रुंद करावा लागे. फान व्हेन यांनी म्हणून दुसरा मार्ग सुचवला, समुद्राचे जमिनीत शिरलेले फाटेच तोंडाशी बंद करण्याचा. त्यामुळे राखावयाचा किनारा सुमारे ७०० किलोमीटरने आखूड होणार होता. सरावासाठी दोन लहान फाटे, ब्रिल्से मास १९५० साली आणि ब्राकमन १९५२ साली, बंद करण्यातही आले. ज्या कॅसान्ड्राचे भाकीत खरे असूनही कोणी मानले नाही त्या ग्रीक कथेतील स्त्रीचे नाव फान व्हेन यांनी टोपणनाव म्हणून घेतले होते. फाटे बंद करण्याविषयीचे त्यांचे टिपण २९ जानेवारी १९५३ रोजी सादर झाले.

दोन दिवसांनी, ३१ जानेवारीच्या रात्री, वायव्येकडून आलेले वादळ पौर्णिमेच्या उधाणावर पोहोचले. संध्याकाळची ओहोटी नीट उतरलीच नाही. हवामान खात्याने धोक्याचा इशारा पाठवला होता, परंतु तो तारेने मिळण्याची नोंदणी थोड्याच ठिकाणांनी केली होती आणि मध्यरात्रीनंतर देशाचे रेडिओ प्रक्षेपण नेहमीप्रमाणे बंद झाले. हूक फान हॉलंड येथे पाणी ३.८५ मीटरपर्यंत चढले. तेथील आधीचा उच्चांक १८९४ सालचा ३.२८ मीटरचा होता. वेमेल्सफेल्डर यांच्या रेषेवर ही पातळी सुमारे तीनशे वर्षांतून एकदा येणारी, म्हणजे दुर्मीळ पण मुळीच अनपेक्षित नसलेली होती. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. झेलंडमध्ये अनेकांचा मृत्यू रविवारी दुपारच्या दुसऱ्या भरतीने झाला. फुटलेल्या बांधांतून ती अडथळ्याविना आत शिरली, आणि रात्रभर छपरांवर तग धरून राहिलेल्या माणसांखालची घरे ढासळली. संशोधन झाले होते, आकडे कागदावर होते, उपाय सुचवला गेला होता आणि तरीही ही माणसे गेली, ही गोष्ट या इतिहासात कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे.

बांध कसे फुटले याच्या तपासणीतून जे निष्पन्न झाले त्याने पुढच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाला विषय पुरवला. बहुसंख्य ठिकाणी लाटांनी बांध समुद्राकडून फोडला नव्हता. लाटांचे पाणी माथ्यावरून ओसंडून आतल्या बाजूला कोसळले होते, आणि जमिनीकडचा उतार, जो जागा वाचवण्यासाठी उभा ठेवलेला असे व ज्यावर दगडी आवरण नसे, तो पाण्याने भिजून घसरला होता. मागची बाजू खचल्यावर पुढचा दगड निराधार झाला. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या बांधाचे मर्मस्थान त्याच्या पाठीत होते. औवरकेर्क येथील शेवटचे मोठे खिंडार नोव्हेंबर १९५३ मध्ये बुजवण्यात आले. त्यासाठी दोस्तराष्ट्रांनी नॉर्मंडीच्या चढाईतील कृत्रिम बंदरांकरता तयार केलेल्या प्रचंड काँक्रीटच्या पेट्या वापरल्या गेल्या.

पुराला तीन आठवडे होण्याच्या आत सरकारने डेल्टा आयोग नेमला. ए. जी. मारिस हे अध्यक्ष आणि फान व्हेन सचिव होते. फाटे बंद करण्याची योजना तयारच असल्यामुळे आयोगापुढचा अधिक अवघड भाग उंचीचा होता, आणि तो सोडवण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रातील डेव्हिड फान डान्टझिख यांच्याकडे जाण्यात आले. त्यांनी केलेली मांडणी १९५६ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि आजही शिकवली जाते. बांध जितका उंच तितका बांधकामाचा खर्च अधिक, पण पुराची शक्यता कमी. पूर आला तर होणाऱ्या नुकसानीला त्याच्या वार्षिक शक्यतेने गुणावे, पुढच्या सर्व वर्षांची ही रक्कम व्याजदराने आजच्या मूल्यात आणावी आणि ती बांधकामाच्या खर्चात मिळवावी. ज्या उंचीला ही एकूण बेरीज सर्वांत कमी येते ती उंची योग्य. संपूर्ण मध्य हॉलंडसाठी या हिशेबाने वर्षाला १,२५,००० मध्ये एक इतकी लहान शक्यता निघाली. आयोगाने संकल्पासाठी दहा हजारांत एक ही शक्यता धरली, जिच्याशी हूक फान हॉलंड येथील पाच मीटरची पातळी जुळते; त्या पातळीला बांध केवळ टिकून न राहता भक्कमपणे टिकावा अशी अट असल्यामुळे प्रत्यक्ष फुटण्याची शक्यता त्याहून कमी राहणार होती. तुरळक वस्तीच्या झेलंडसाठी चार हजारांत एक ही शक्यता ठरली.

या मांडणीविषयी अस्वस्थता वाटणे स्वाभाविक आहे, कारण तिच्यात बुडणाऱ्या माणसांचे मोल पैशात धरावे लागते किंवा ते धरलेच नाही तर ते शून्य होते. फान डान्टझिख यांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी ती झाकून ठेवली नाही. तरीही त्यांच्या पद्धतीचा मोठा गुण असा की तिने उंचीचा निर्णय उघड्यावर आणला. पूर्वी उंची ठरवताना गृहीत धरलेले मूल्य कोणालाच दिसत नसे. आता ते समीकरणात लिहिलेले होते आणि त्यावर संसदेत भांडता येत होते. १९५८ सालच्या डेल्टा कायद्याने आयोगाने धरलेली पातळी देशाचे धोरण झाली.

त्यानंतरची बांधकामे अनेकदा वर्णिली गेली आहेत, त्यामुळे त्यांचा तपशील येथे थोडक्यात पुरेसा आहे. हॉलंडसे आइसल नदीवरचा अडथळा १९५८ साली, व्हेर्से खाट १९६१ साली, आणि मग ग्रेव्हेलिंगेन, व्होल्केराक, हारिंगफ्लीट व ब्राउवर्स असे एकामागून एक फाटे बंद झाले. एक फाटा बंद केला की उरलेल्या फाट्यांतील भरती बदलते, आणि हे परस्परावलंबन हाताने सोडवणे अशक्य असल्यामुळे फान व्हेन यांनी सुचवलेली विद्युत प्रतिकृती उपयोगी पडली : पाण्याच्या प्रवाहाच्या जागी विद्युतप्रवाह, पातळीच्या जागी विद्युतदाब. ‘डेल्टार’ हे या तत्त्वावरचे यंत्र १९६० साली सुरू झाले आणि १९८४ पर्यंत चालले. देशाच्या ईशान्य पोल्डरात, म्हणजे झाउडरझीतून वर काढलेल्या सपाट भूमीवर, डे फोर्स्ट येथे जंगलाच्या आत उघड्यावर उभारलेल्या प्रतिकृतींमध्ये बंदरे व फाटे प्रत्यक्ष पाण्याने तपासले जात. त्या ओसाड प्रयोगकुंडांना अलीकडे राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आहे.

ऊस्टरस्खेल्डे या फाट्याने मात्र योजनेलाच वळण लावले. तो सर्वांत मोठा होता आणि तो पूर्ण बंद करायचा असे ठरले होते. शिंपले आणि कालवे पाळणारे यर्सेकेचे मच्छीमार व निसर्गाचे अभ्यासक यांनी विरोध केला, कारण बंद फाट्यातील खारे पाणी गोडे झाले असते आणि भरती-ओहोटीवर जगणारे सगळे जीवन संपले असते. १९७६ साली संसदेने उघड्या अडथळ्याला मान्यता दिली : ६५ काँक्रीटचे खांब, त्यांमध्ये ६२ पोलादी दरवाजे, एरवी उघडे आणि पाणी तीन मीटरच्या वर जाण्याचा अंदाज येताच मिटणारे. सैल वाळूच्या तळावर हे वजन उभे करण्यासाठी तळ दाबून घट्ट करणे, त्यावर गाळण्यांच्या चटया पसरणे आणि प्रवाहाने तळ खरवडला जाऊ नये म्हणून दूरवर दगड घालणे, यातल्या प्रत्येक टप्प्यावर संशोधन करावे लागले. ४ ऑक्टोबर १९८६ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

लाटांचे शास्त्र दरम्यान बरेच पुढे गेले होते. प्रयोगशाळेत पूर्वी सगळ्या सारख्या उंचीच्या लाटा काढत, समुद्रात तशा नसतात. १९६८-६९ मध्ये जर्मनीच्या जुल्ट बेटापासून उत्तर समुद्रात मोजमापांची रांग लावून केलेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाने वाऱ्याची ऊर्जा निरनिराळ्या लांबीच्या लाटांत कशी वाटली जाते हे दाखवले, आणि ते वाटप यंत्राने टाकीत उत्पन्न करणे शक्य झाले. डेल्फ्टचे युर्येन बात्येस यांनी १९७४ साली उतार आणि लाटेच्या चढेपणाचे वर्गमूळ यांचे गुणोत्तर घेऊन लाट कशी फुटेल हे सांगणारा निर्देशांक रूढ केला. डे फोर्स्टला १९८०च्या सुमारास २४० मीटर लांबीची लाटनाळ बांधण्यात आली, कारण माती आणि गवत लहान करता येत नाहीत. मातीच्या कणाचा आकार दहा पटींनी कमी केला तर ती माती राहत नाही. तिची जागा २०१५ साली डेल्फ्टमधील ३०० मीटर लांब आणि साडेनऊ मीटर खोल नाळीने घेतली, जिच्यात साडेचार मीटरपर्यंतची लाट काढता येते.

१९५३ च्या बांधांच्या पाठीचा प्रश्न यानंतरही पूर्णपणे सुटला नव्हता. किती पाणी ओसंडले तर गवताळ आतला उतार टिकतो? २००७ पासून यासाठी एक यंत्र खऱ्या बांधांच्या माथ्यावर नेऊन ठेवण्यात आले. त्याच्या टाकीतून पाण्याचे लहान-मोठे लोंढे खऱ्या वादळातील क्रमाने सोडत आणि उताराची अवस्था तासातासाने पाहत. चिकणमातीवर दाट मुळे धरलेले गवत सेकंदाला मीटरमागे तीस लिटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाणी सोसते असे आढळले, तर पूर्वीच्या संकल्पांत एका मीटरला सेकंदाला एक लिटर किंवा त्याहून कमी पाणी धरले जाई. दुबळेपणा बहुधा उघड्या पडलेल्या जागी, रस्ते, पायऱ्या, कुंपणाचे खांब आणि जनावरांच्या वाटा जेथे गवत मोडतात तेथे सापडला. बांधावर मेंढ्या चाराव्यात पण गायी चारू नयेत हे तेथील जलमंडळांचे जुने शहाणपण या प्रयोगांतून आकड्यांत उतरले.

१ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या जलकायद्यातील नव्या निकषांनी दहा हजारांत एक ही जुनी भाषा बाजूला ठेवली. पाण्याची पातळी ओलांडण्याऐवजी बांधाचा प्रत्येक तुकडा प्रत्यक्ष फुटण्याची शक्यता मोजली जाते, आणि बांधाआड वा वाळूच्या टेकड्यांआड कोठेही राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एक याहून अधिक असता कामा नये, अशी अट घालण्यात आली आहे. जेथे नुकसान मोठे तेथे याहून कडक निकष आर्थिक हिशेबाने ठरवले जातात. ऊस्टरस्खेल्डेमध्ये अडथळ्यामुळे प्रवाह मंदावल्याने वाळूचे पट्टे झिजत चालले आहेत आणि त्यांवर बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. किनाऱ्यावरची वाळू १९९० पासून दरवर्षी भरली जाते, आणि २०११ साली टेर हाइडे गावाजवळ सुमारे दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतून ती पसरवण्याचे काम लाटांवर सोपवण्यात आले. सर्व प्रमुख बांध नव्या निकषांत बसवण्याची मुदत २०५० आहे, आणि जलमंडळे व राइक्सवाटरस्टाट यांना तोवर त्यांचा तुकड्या-तुकड्याने तपास करून ज्यांची पाठ दुबळी आहे ते बांध आधी हाती घ्यायचे आहेत.